आई असेतोवर मरायचं नाही

मुलाखत घ्यायला येणारी पोरं एक प्रश्न हमखास विचारायची. "मॅडम, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही मरायची भूमिका केली नाही, खरं का?" खरं नव्हतं. एकदा मेले होते, आणि त्या एका मरणानं माझ्या पुढच्या कामाचा पार विचका केला. पण हे मी त्यांना सांगत नसे. "मला अमर व्हायचंय हो," असं काहीतरी बोलायचे. ती हसायची, फोटो काढायची, चहा प्यायची आणि जायची. आता सांगायला हरकत नाही. जिच्यामुळे मला मरता येत नव्हतं ती माझी आई गेल्या हिवाळ्यात गेली.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीचं. आमचा पानमळा आहे, आता धाकटा भाऊ बघतो. पानमळ्यात चप्पल घालून जायचं नाही, ही आमची रीत. वेल म्हणजे देव. कोणी मोठा माणूस मळा बघायला आला तरी आई त्याच्या पायाकडे बघायची आणि म्हणायची, "साहेब, थ्या चपला काढा अंदी." साहेब काढायचा. आईपुढे कोणाचं काही चालायचं नाही. बारकी, काळीसावळी, पण आवाज असा की मळ्याच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा माणूस कामाला लागायचा.

तो आवाज आणखी एका कामाचा होता. आमच्याकडे कोणी गेलं की बाई नुसती रडत नाही, बोलून रडते. डोक्यावर पदर ओढून बसते आणि गेलेल्याचं सगळं आयुष्य त्यालाच सांगत जाते. तू असं बोलायचा, तुला अमुक भाजी आवडायची, तू बहिणीला बांगड्या घेऊन देणार होता, आता कोण देईल रे. एका बाईनं सुरू केलं की जवळच्या बायकांनी तिला धरायचं. रडणाऱ्या बाईला एकटं रडू द्यायचं नाही, ते पाप. आमच्या गल्लीत हे सुरू करायचा मान आईचा. कोणी नेमला नव्हता, पण ती पोचल्याशिवाय घरच्या बायकांचा हुंदका मोकळा व्हायचा नाही. मी लहानपणी तिचा पदर धरून मागे बसायचे. ती श्वास कुठे घेते, शब्द कुठे तोडते, कुठे एकदम हळू होते, सगळं बघायचे. पुढे अमरावतीला कॉलेजात असताना पहिल्यांदा नाटकात उभी राहिले तेव्हा लोक म्हणाले, या पोरीला कोणी शिकवलं? काय सांगणार? मयतीला जाऊन शिकले म्हणून?

घरी आल्यावर मी कधीकधी विचारायचे, "माय, तू त्या बुढीले मघाशी काय म्हतलं वं?" ती एकदम चिडायची. "थे तुह्यासाठी नोयतं. थे मेलेल्यानंच आयकाचं रायते. जित्यानं इचारू नाई." आणि खरंच, मळ्यात, बाजारात, कुठेही त्यातला एक शब्द ती परत उच्चारायची नाही. वाहून गेलं ते गेलं.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. आमचे हे शाळेत शिक्षक, पण जीव नाटकात. स्वतःला अभिनय ओ की ठो येत नव्हता, म्हणून पडद्यामागे राहायचे. खिळे ठोकायचे, दिवे बघायचे, मला वाक्यं पाठ करून घ्यायचे. मुलगी झाली तेव्हा आई येऊन राहिली आणि मी तालमींना जात राहिले. स्पर्धेत बक्षिसं मिळाली, त्यातून मुंबईच्या कोणीतरी बघितलं, आणि एका मालिकेत मला थोरल्या सुनेचं काम लागलं. मग काय विचारता! अंजनगावच्या बाजारात आईकडून पानं घेताना लोक म्हणायचे, "तुमची लेक काल लय बोलली सासूले." आई म्हणायची, "बोलनारच. माहीच हाये."

मालिका दोन-अडीच वर्षं चालली आणि एक दिवस निर्मात्यांना वाटलं की थोरल्या सुनेला मारावं. का, कशाला, ते त्यांनाच ठाऊक. मला तिरडीवर झोपवलं. नाकात कापूस, गळ्यात हार, अंगावर हिरवी साडी. मी मजेत पडून होते, मधेच डास चावला तर दिग्दर्शक ओरडायचा. घरी आधी सांगायचं नाही अशी त्यांची ताकीद होती, आणि खरं सांगू, सांगावं असं मलाही वाटलं नाही. आई काय खुळी आहे का? खोटं आहे हे तिला कळत नाही का?

कळत होतं. पूर्ण कळत होतं. तरी जे झालं ते मला भावानं नंतर सांगितलं. संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीसमोर गल्लीतल्या पाच-सात बायका बसलेल्या. मला तिरडीवर बघितलं तशी आई उठली. सगळ्यांना वाटलं, टीव्ही बंद करते. ती टीव्हीपाशी गेली, खाली बसली, डोक्यावर पदर ओढला आणि सुरू झाली. माझ्यासाठी. जन्मापासून. शेजारची मावशी म्हणाली, "अवं बाई, थे खोटं हाये," आणि असं म्हणता म्हणता तिनं आईला धरलं आणि तीही सुरू झाली. मग बाकीच्याही. त्या दिवशीचा भाग संपला, जाहिराती लागल्या, बातम्या लागल्या, यांचं चालूच. भाऊ दारात उभा राहून डोक्याला हात लावून बघत होता. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. मयतीच्या घरी पेटवत नाहीत ना! शेजारच्या मावशीनं पिठलं-भाकरी आणून दिली, सुतकाच्या घरी देतात तशी, आणि आमच्या घरानं ती मुकाट खाल्ली.

भावाचा फोन आला. "ताई, तू चांगली हाय ना? आईसंग बोल."

आईनं फोन घेतला. मी म्हटलं, "काय वं माय, काहून रडून राहिली?" आणि मला हसू आलं.  पलीकडून एवढंच आलं, "अकोल्याले कवा येशीन?"

मी मुंबईहून अकोल्याला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अंजनगावाहून अकोटमार्गे एसटीनं येऊन दारात उभी. हातात पानांची करंडी. आत आली नाही. आधी उंबऱ्यातच माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या, मग माझे हात, दंड, गाल चाचपून बघितले, बाजारातली भेंडी बघावी तसे. मी पुन्हा हसले. ती नाही हसली.

"आयक," ती म्हणाली. "एका जिवासाठी बाई एकदाच रडते. मी तुह्यासाठी रडली. पुरं रडली, काईच ठेवलं नाई. आता माह्यापाशी तुह्यासाठी दुसरं रडनं नाई. म्हनून मी जिती आहो तोवर तुले मरता येनार नाई. टीव्हीत नाई, नाटकात नाई, कोठीच नाई." माझा हात ओढून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "घे शपथ."

"अवं पण माय, ते काम असते."

"दुसरं काम कर."

मी शपथ घेतली. एसटीच्या प्रवासानं ती दमलेली होती, दारात उभी होती, तिला आत घेऊन चहा द्यायचा होता, म्हणून घेतली. ती एवढी महाग पडेल हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

आत बसल्यावर मी विचारलं, "तू काय म्हतलं वं माह्यासाठी?"

चहाची बशी खाली ठेवून ती करंडीतली पानं निवडायला बसली. पण तो प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही. विचार करा, आपण गेल्यावर आपली आई काय बोलेल हे कोणाला कळतं? माझं बोलून झालं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. भावाला माहीत होतं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, आईनं साऱ्यायले बजावून ठेवलं. मले नको इचारू." शेजारच्या मावशीला विचारलं तर तिनं कानाला हात लावले. एक मलाच माहीत नव्हतं.

पुढची वर्षं गेली ती अशीच. तरुणपणी फारसं अडलं नाही. पण बाईनं पन्नाशी ओलांडली की नाटक-सिनेमात तिला दोनच कामं, एक तर मरायचं, नाहीतर भिंतीवरच्या फोटोत हार घालून लटकायचं. आईनं फोटोलाही मनाई केली होती! एका चांगल्या सिनेमात मला आईचं काम मिळत होतं. जन्मात एकदा मिळतं असं काम. शेवटी ती बाई मुलाच्या मांडीवर जाते. मी दिग्दर्शकाला म्हटलं, हिला जिवंत ठेवता येईल का?  काम दुसरीनं केलं. तिला पारितोषिक मिळालं, तिचे फोटो छापून आले, तिला बाहेरदेशी बोलावलं. मी फणफणत आईला फोन केला.

"माय, थ्या कामासाठी मी जीव टाकला असता!"

"टाकला असता ना? म्हनूनच नाई म्हतलं."

"दुसरीनं केलं ते. तिले बक्षीस भेटलं."

"मेली का थे?"

"सिनेमात मेली."

"मंग बरं झालं. तू नाई मेली."

मी फोन आदळला. हे म्हणायचे, "आईला कोण सांगणार आहे? करून टाक." पण अंजनगावात कोण सांगणार नाही ते बोला! आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. माझा त्यावर विश्वास होता असं नाही. पण एखादं मरण करावं आणि तिकडे मळ्यात तिला काही व्हावं, हा विचार मनात आला की मी कामाला नाही म्हणून टाकायचे. आतून राग, वरून भीती. कित्येक दिवस मी तिच्याशी नीट बोलत नसे. ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पानं पाठवत राहायची.

अमरावतीला एक सर आहेत, कॉलेजापासूनचे. मी पहिल्यांदा उभी राहिले ते नाटक त्यांनीच बसवलेलं. त्यांनी दोन वर्षांपूर्वी नवीन नाटक लिहिलं. पहिल्या अंकाच्या शेवटी म्हातारी मरते आणि सगळा दुसरा अंक मधोमध पडून असते. भोवती मुलं, सुना, भांडणं, सगळं. ते म्हणाले, "तुझ्याशिवाय करणार नाही." मी म्हटलं, "सर, माझी अडचण तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "माहीत आहे. थांबतो." कशाची वाट बघत थांबतो, ते दोघांनीही उच्चारलं नाही. मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळली. परतवाड्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्या म्हणाले. मी सगळं सोडून अंजनगावला जाऊन राहिले. तिचे केस विंचरायचे, भाताची पेज भरवायचे. कुठल्याशा दुपारी भाऊ बोलता बोलता बोलून गेला की ताईसाठी एक नाटक अडून बसलं आहे. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण आईनं डोळे उघडले होते.

"त्यात मरनं हाये?"

"हो."

"किती येळ पडून रायाचं हाये?"

"पाऊण-एक तास."

 ती म्हणाली, "पोट हालते मंग. लोकायले दिसते. लुगडं सैल नेस, अन् वरून गोधडी घे म्हना. मंग नाई दिसत." मला रडू आवरेना. तिनं हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला गेला नाही, म्हणून मीच माझं डोकं तिच्या हाताखाली नेलं. "माह्यामांगून मर खुशाल," ती म्हणाली. "तवा शपथ नाई."

मी म्हटलं, "माय, आता तरी सांग. त्या दिवशी काय म्हतलं होतं?"

"जितीले नाई सांगत," ती म्हणाली, आणि एवढ्या दुखण्यातही किंचित हसली.

ती गेली तेव्हा सकाळ होती. अंगणात गल्ली गोळा झाली. सुरू करायचा मान जिचा तीच गेलेली, म्हणून पहिला बोल लेकीचा. सगळ्या बायका पदर ओढून माझ्याकडे बघत बसल्या. आणि बायकांच्या मागे माणसं मोबाईल घेऊन उभी होती. टीव्हीतली बाई आपल्या आईसाठी कशी रडते, ते त्यांना हवं होतं. मी तोंड उघडलं. पहिला शब्द आला तो रंगभूमीवरच्या आवाजात आला. स्वच्छ, गोल, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मला स्वतःचीच किळस आली. मी तोंड मिटलं ते मिटलंच. शेवटी शेजारच्या मावशीनं सुरू केलं. साऱ्या गल्लीला रडवून मोकळं करणारी माझी आई पोटच्या पोरीच्या एका शब्दाशिवाय गेली. मागे कोणीतरी कुजबुजलं, "टीव्हीत तं बरी रडते." त्याचं चुकलं असं मी कसं म्हणू?

सुतक फिटलं, वर्षश्राद्धाला अजून अवकाश होता, सरांचा फोन आला नाही. मीच केला. "करू या," म्हटलं. तालमीत मला काहीच जमत नव्हतं असं नाही. पडून राहण्यात काय जमायचंय? लुगडं सैल नेसले, वरून गोधडी मागून घेतली. सर म्हणाले, छान सुचलं तुला. धाकट्या सुनेचं काम करणाऱ्या पोरीला बोलून रडायचं होतं. मी तिला श्वास शिकवला. रडणं नाही शिकवता आलं, ते माझंच आटलं होतं.

पहिला प्रयोग अमरावतीला लागला. भाऊ गाडी करून गल्लीतल्या बायकांना घेऊन आला. शेजारच्या मावशीचं वय झालेलं, तिला दोघींनी धरून आणलं. पुढून तिसऱ्या रांगेत बसवलं. मी पडद्याच्या फटीतून बघितलं, तर सगळ्यांनी चपला काढून खुर्चीखाली ठेवलेल्या.

पहिला अंक झाला. मी मेले. सोपं गेलं, एवढ्या वर्षांनी. दुसऱ्या अंकात डोळे मिटून पडले होते. भांडणं झाली, माणसं आली, गेली. मग धाकटी सून माझ्या उशाशी बसली आणि बोलून रडायला लागली. पोरगी गुणाची. दोन-तीन वाक्यं छान गेली. आणि खालून, अंधारातून, दुसरा आवाज आला.

शेजारची मावशी होती. तिचं काय चुकलं? रडणाऱ्या बाईला एकटं रडू द्यायचं नाही, हे तिला जन्मापासून माहीत होतं. तिकीट काढून बसलं की गप्प राहायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. तिच्यामागे दुसरी लागली, तिसरी लागली. सभागृहात कोणीतरी "शू" केलं. वर पोरगी गांगरून थांबली. सरांनी पडदा पाडायला सांगितलं असणार, पण पडद्याच्या दोरीवर आमचे हे होते, आणि त्यांनी पाडला नाही.

बायका नाटकातल्या म्हातारीसाठी रडत नव्हत्या. त्यांच्यासमोर मी मेलेली पडले होते आणि माझ्यासाठीचं रडणं त्यांना ठाऊक होतं, एकदा झालेलं. दुसरं त्या आणणार कुठून? मावशीच्या फाटक्या आवाजात माझी आई बोलत होती.

"मळ्यात जाताना चपला काढून ठेवायची वं माह्ये बाई, आता कोन्या दारात काढून ठेवल्या वं... पानं निवडता निवडता माह्या मांडीवर निजायची वं, आता उठवू कशी वं... वेल उतरवून मातीत गाडली तरी परत चढते वं, तू काहून नाई उठत वं... लोकायच्या घरी रडाले धाडलं वं तुले, माह्या घरी हासाले कवा येशीन वं... साऱ्या मुलखानं पाह्यली वं तुले, म्याच नाई पाह्यली डोये भरून वं..."

मेलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. माझ्या येत होतं. दोन्ही कानशिलांवरून केसांत, उशीत. पुढच्या रांगेला दिसलं असेल. पोट तेवढं मी हलू दिलं नाही, लुगडं सैल होतं, वर गोधडी होती. बायका रडत राहिल्या आणि मी डोळे मिटून, अगदी मेल्यासारखी पडून, सगळं ऐकलं. मधेच माझ्या तोंडून काहीतरी निघालं. आवाज रंगभूमीवरचा नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला नसेल. उशाशी बसलेल्या पोरीनं मात्र ऐकलं. नंतर ती म्हणाली, "ताई, तुम्ही 'माय' म्हणालात."